कापणाऱ्यानं मागून घ्यायचं

चॉकलेट तोंडात टाकून बाईंनी दात मिटले आणि वरचे दात खालच्या दातांवर खाडकन आपटले. कळ थेट कानापर्यंत गेली. मध्ये काहीच नव्हतं असं नाही. होतं काहीतरी, पण जबडा ज्या बेतानं उघडला होता त्या मानानं फारच थोडं. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून अंधारात पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तोंडाचं झालं. बाई ओट्याला टेकून गाल धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनीही जबड्याला जुनं माप आठवत होतं याचं त्यांना जरा नवल वाटलं, आणि मग रागच आला. जबड्याचा नव्हे. कोणाचा ते लगेच कळेना. बाहेरच्या खोलीतून सर्रर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ टक. धाकटा भाऊ पोलादी टेपनं भिंती मोजत होता. "ताई, पलंग बसतोय गं खिडकीखाली!" तो ओरडला. "कपाटही बसेल बहुतेक!" बाईंच्या तोंडात ते होतं तसंच होतं, विरघळायचं नाव नाही. त्यामुळे त्यांनी नुसतं "हं" केलं, आणि भावानं ते नेहमीसारखं होकारात धरलं.

याला होडी म्हणायचे. नाव कंपनीचं वेगळंच होतं, पण घरात होडीच. नाताळ आला की वडिलांच्या कचेरीतून प्रत्येकाला चॉकलेटांचा एक पत्र्याचा डबा मिळायचा. त्या डब्यात नाना आकारांची आणि नाना रंगांच्या कागदातली चॉकलेटं असायची, पण जांभळ्या कागदातल्या होड्या मोजक्याच. होडीच्या पोटात एक अख्खा बदाम. अख्खा म्हणजे अख्खा, जिभेनं चाचपला तर त्याचं टोक लागायचं. दोन्ही कान पिळलेला तो कागद सोडवताना चर्र असा आवाज यायचा, आणि सोडवून झाल्यावर कागद डोळ्याला लावून खिडकीतून बघितलं की सगळी गल्ली जांभळी, दूधवाला जांभळा, समोरच्या गच्चीतली चादर जांभळी. एक होडी दोघांत हा आईचा कायदा. आई न्यायाधीश व्हायची सोडून आईच झाली, असं वडील म्हणत. भांडण ऐकायला तिला वेळ नसे, म्हणून तिनं एकदाच नियम घालून दिला होता: एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. कापणाऱ्यानं मागून घ्यायचं. म्हणजे कापणारा आपोआप सरळ कापतो. पुढे शाळेत बाईंनी हाच नियम पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना शिकवला. अर्धा म्हणजे काय ते आकृतीनं कळत नाही. आपल्या वाट्याला कोणता तुकडा येणार हे ठाऊक नसताना हातात सुरी धरली की बरोब्बर कळतं. पोरं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून कापायची. घरी मात्र नियम कधी नीट चाललाच नाही, कारण कापायचा हट्ट धाकट्याचा, आणि त्याचा हात वाकडा. कितीही जपून कापलं तरी एक तुकडा मोठा, एक लहान. "याच्या हाताला वळणच नाही," आई म्हणायची. मग ताट ताईसमोर यायचं, आणि ताई लहान तुकडा उचलायची. मोठी बहीण होती ना. बदाम बहुतेक वेळा मोठ्या तुकड्यात असायचा.

बाईंनी जिभेनं तोंड चाचपलं. बदामाचा चुरा होता. चुरा तरी बदामाचाच कशावरून? दाण्याचा असेल, आणखी कशाचा असेल. वरचं चॉकलेट विरघळण्याऐवजी टाळ्याला जाऊन चिकटलं होतं, मेणबत्तीचा ओघळ चिकटावा तसं, आणि त्याखालून नुसता गोडवा सुटत होता, आगापिछा नसलेला. त्यांनी डबा उचलून पाहिला. पत्र्याचा नव्हे, प्लॅस्टिकचा. रंग तोच, झाकणावरचं चित्र तेच. आत हात घालून तळ शोधला तर तळ फारच लवकर लागला. पुड्या ओट्यावर ओतून आत पाहिलं, तर बुडाला आतल्या बाजूनं हा एवढा फुगवटा! गळू आल्यासारखा. बाहेरून डबा होता तेवढाच, आत मात्र ताटलीभर जागा. कागदाचे पिळलेले कान गेले होते, आता तिन्ही बाजूंनी चिकटवलेल्या पुड्या होत्या, औषधाच्या असतात तशा. बाईंनी एक पुडी डोळ्याला लावली. काही दिसेना. गेल्या वर्षी गल्लीतली मुलं शिकायला आली तेव्हा अर्ध्याचा पाठ घ्यायला म्हणून त्यांनी होडी काढली होती, तेव्हा खालच्या मजल्यावरची चिमुरडी कपाळाला आठ्या घालून म्हणाली होती, "बाई, पण याचं अर्धं केलं तर ते संपेलच की." सगळी हसली होती. बाईही हसल्या होत्या. आता हसू येईना. जी वस्तू वाटून घेता येते ती आणि जी एकट्यानंच गिळावी लागते ती, यांत काही फरक आहे की नाही? एवढीशी झाली की वाटणीचा प्रश्नच मिटला, भांडणही मिटलं, सुरीही नको आणि समोर दुसरा माणूसही नको.

"बाळू!" त्यांनी हाक मारली. साठीला आलेला बाळू टेप गुंडाळत दारात आला. केसांना रंग, गुडघ्याला पट्टा, आणि चेहऱ्यावर लहानपणापासूनचं ते लोणी चोरल्यासारखं हसू. "काय गं?" "हे काय आहे?" "चॉकलेट आहे. किती वर्षं झाली, आणतोय ना मी दर नाताळाला?" आणत होता, हे खरं. वडील गेले, त्यांची कचेरीही गेली, पण धाकटा नेमका चॉकलेटच्याच कारखान्यात लागला, आणि डबा यायचा राहिला नाही. बाई तो न चाखताच मुलांत वाटून टाकायच्या. आधी वेष्टनखात्यात, मग त्या खात्याचा साहेब, आणि आता निवृत्त. "होडी लहान झाली आहे," बाई म्हणाल्या. "छे गं. तू मोठी झालीस." "दात आपटले माझे." "मग दातांच्या डॉक्टरकडे जा. कंपनी काय करणार त्याला?" "चवही बिघडली आहे. मेण लागतंय." "ताई, जीभ म्हातारी होते माणसाची. मलाही हल्ली काही गोड लागत नाही." बाईंनी डबा आडवा करून आतला फुगवटा त्याच्या नाकासमोर धरला. "आणि हे? हेही माझ्या जिभेनंच केलं का?" त्यावर तो खो खो हसला. पकडला गेला की तो नेहमी असाच हसायचा, आणि समोरच्याला वाटायचं, जाऊ दे, हसतोय बिचारा. "ते माझं आहे," तो म्हणाला, आणि चक्क थोडा ताठ झाला. "म्हणजे कल्पना माझी. अगं, माल महाग झाला. किंमत वाढवली तर लोक बोंबलतात. मग थोडं आतून कमी करायचं. एकदम नाही. दर वर्षी नखाएवढं. नखाएवढं कमी झालेलं कोणाला दिसत नाही." "मला दिसलं." "दिसलं तरी लोक बोलत नाहीत. बोलले तरी घेतात. शेवटी म्हणतात, चालेल. नोकरीभर पाहिलंय मी." आणि ओट्यावरची एक पुडी फोडून, होडी गालात टाकून, तो टेप घेऊन परत बाहेर गेला. "अगं, कपाट इथे लावलं तर फळा काढावा लागेल हं!" तिथून आवाज आला.

चालेल. तो शब्द बाईंच्या टाळ्यावरच्या त्या थरात रुतून बसला. फोनवर त्या हेच म्हणाल्या होत्या. कंपनीचं घर सोडावं लागणार, तेव्हा आईच्या घरी येऊ का आम्ही दोघं नवराबायको, असं भावानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, चालेल की, घर तुझंही आहे. ते खरंच होतं. आईनं घर दोघांच्या नावानं ठेवलं होतं. मग तो म्हणाला, आम्ही दोघं आहोत म्हणजे पुढची खोली आम्हांला बरी पडेल, तू मागची घे, तुला एकटीला किती लागतं! तेव्हाही त्या म्हणाल्या, बघू, चालेल. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. त्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. आई तिथेच अंथरुणाला खिळून होती. शेवटी शेवटी ती भिंतीवरच्या ओलीच्या डागात चेहरे शोधायची, आणि सापडला की बाईंना हाक मारून दाखवायची. तेव्हा धाकट्याची बदली लांब होती. तो सणासुदीला यायचा, आईचे पाय दाबायचा, रडायचा, खरंखुरं रडायचा, आणि परत जायचा. बाईंनी तेव्हाही कधी काही म्हटलं नाही. लग्नाचं राहून गेलं, मोठ्या शाळेतली नोकरी चालून आली होती ती राहून गेली, कारण ती शाळा लांब होती. एकदम काही गेलं नाही. दर वर्षी नखाएवढं. आणि बाहेरून पाहणाऱ्याला डबा होता तेवढाच दिसत होता: आमच्या बाई, सगळ्यांच्या बाई, सदा हसतमुख बाई. या विचारानं त्यांना स्वतःचाच इतका वैताग आला की त्यांनी पाण्यानं खळखळून चूळ भरली. थर हलला नाही.

पुढची खोली तेवढी राहिली होती. तिला रस्त्याकडची मोठी खिडकी होती, आणि त्या खिडकीतून दुपारी ऊन थेट फळ्यापर्यंत यायचं. निवृत्त झाल्यावर बाईंनी फळा आणला, बुटकी बाकं सुताराकडून करून घेतली, आणि गल्लीतली मुलं दुपारी यायला लागली. शिकवणीची मुलं नव्हेत ती. शिकवणीत गुण मिळतात. इथे जी यायची ती शाळेत मागे पडलेली, हातचा घ्यायला विसरणारी, वाचताना ओळ सोडून पळणारी. एखाद्याला वजाबाकी कळण्याचा तो क्षण असतो, चेहऱ्यावर आधी काहीच नाही आणि मग एकदम दिवा. तो बघायला मिळावा म्हणून बाई जगत होत्या असं म्हटलं तर जास्तीचं होईल, पण सकाळी उठत होत्या त्या त्यासाठीच. मागच्या खोलीत ही बाकं मावणार नाहीत. हे भावाला त्यांनी फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, "जिन्यात बसव. पोरांना काय, कुठेही बसतात. आणि पुरे की आता, किती शिकवशील?"

त्या बाहेर आल्या तेव्हा बाकं एकावर एक रचून कोपऱ्यात गेली होती, आणि धाकटा गुडघा धरून जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात खडू होता. खडूंचा डबा शेजारी उघडा पडला होता, तोच तो जुना, पत्र्याचा, वडिलांच्या कचेरीतून आलेला, झाकणावरचं चित्र खरवडून खरवडून पुसट झालेला. त्यानं मधल्या दारापाशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पांढरी रेघ मारली होती. "हे बघ," तो उत्साहानं म्हणाला. "स्वयंपाकघर दोघांचं. रेघेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तू. झाली वाटणी. उगाच नंतर कुरकुर नको." रेघ अगदी सरळ होती. फूटपट्टी न लावता, एका दमात मारलेली, कुठे हललेली नाही, कुठे जाड-बारीक नाही. जन्मभर फळ्यावर रेघा मारलेल्या बाईंना ती पाहताक्षणीच आवडली. ज्याच्या हाताला वळण नाही म्हणून आई हळहळायची, त्याचा तो हात होता.

"बाळू, होडी खाऊ या," बाई म्हणाल्या. "आत्ता? मी खाल्ली की." "अशी नाही. कापून. आई असताना खायचो तशी." त्याला हसू आलं. "तूच म्हणतेस ना, एवढीशी झाली आहे?" "तरी काप." त्यांनी ताटली आणली, फळं चिरायची बारीक सुरी आणली, एक पुडी फोडून होडी ताटलीत ठेवली. पांढऱ्या ताटलीत ती फारच केविलवाणी दिसली. होडी कसली, होडीची ढलपी. धाकटा खुर्चीत बसला. त्यानं चष्मा नाकावर सरकवला, जीभ किंचित बाहेर काढली, थेट सातव्या वर्षी काढायचा तशी, आणि सुरी होडीवर टेकवली. मधोमध टेकवली. बाई बघत होत्या. पोरांच्या हातांकडे बघायची सवय डोळ्यांना होती: कोण घाबरलाय, कोण अंदाजानं ठोकतोय, कोणाला उत्तर ठाऊक आहे आणि मुद्दाम चुकतोय. सुरी मधोमध टेकली, क्षणभर थांबली, आणि मग अलगद, कोणी हाक मारल्यासारखी, एका बाजूला सरकली. मग दाबली गेली. एक तुकडा मोठा. एक लहान. त्यानं ताटली फिरवली. लहान तुकडा बाईंच्या बाजूला आला. "घे," तो म्हणाला. "तुझा पहिला मान."

बाईंना हसायला आलं. म्हणजे इतकी वर्षं. म्हणजे नियम मोडला नव्हता त्यानं, पाळलाच होता. कापणाऱ्यानं मागून घ्यायचं, आणि तो मागूनच घ्यायचा. फक्त त्याला लवकर, फार लवकर, कळलं होतं की ही उचलणारी लहान तुकडा उचलते. मग सरळ कापायचं कशाला? त्याला स्वतःला तरी ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. सुरीला ठाऊक होतं. आणि शाळेतल्या हजार पोरांचे हात ओळखणाऱ्या बाईंना घरातला एक हात ओळखता आला नव्हता, कारण त्यांची नजर कधी हाताकडे नव्हतीच. ती होती आईकडे. लहान तुकडा उचलताना आई बघते आहे ना, एवढंच त्या बघायच्या. आई बहुतेक वेळा पोळ्या लाटत असायची. तिचं लक्षही नसायचं. दिसलं तरी लोक बोलत नाहीत, बोलले तरी घेतात. हे तो कारखान्यात शिकला नव्हता. शिकून गेला होता, इथूनच, याच घरातून, आणि शिकवणाऱ्या बाई समोरच बसल्या होत्या. हा धडा आपण किती मन लावून शिकवला, असं त्यांच्या मनात आलं, आणि वैतागाची अशी एक उकळी आली की त्यांचे कान तापले.

त्यांनी हात पुढे केला आणि मोठा तुकडा उचलला.

धाकट्याचा हात आधीच ताटलीकडे निघाला होता, तो वाटेत थांबला. "ताई, तो मोठा आहे," तो म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात. एखाद्याची चप्पल चुकून पायात घातल्यावर आपण सांगतो, तसं त्यानं सांगितलं. "दिसतंय मला," बाई म्हणाल्या आणि तुकडा तोंडात टाकला. मेण. भरीला चुरा. तरी त्यांनी चावला, नेटानं चावला, अर्धी होडी कधी एवढी चावावी लागली नव्हती. "आणि पुढची खोली माझी." "काय?" "वाटणी कोणी केली? रेघ कोणी मारली?" "मी." "मग आधी कोण उचलणार? मी पुढची उचलली. मागची तुमची." "अगं, काहीतरीच काय! आम्ही दोघं त्या खोलीत? पलंग तरी मावेल का तिथे? उजेड नाही, वारा नाही." "मग मला कशी चालणार होती ती खोली?" "तू..." तो बोलला आणि अडला. तू एकटी, असं म्हणणार होता. किंवा तू चालवून घेतेस. बाई थांबल्या. वर्गातही थांबायच्या, उत्तर न येणाऱ्या पोरासमोर, घाई न करता, कारण कधीकधी ते येतं. तो ताटलीतल्या लहान तुकड्याकडे बघत राहिला. शेवटी त्यानं तो उचलला, तोंडात टाकला, आणि त्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. "खरंच मेण लागतंय गं," तो पुटपुटला.

"रागावलीस?" त्यानं विचारलं. "हो," बाई म्हणाल्या. हा शब्द उच्चारायला किती सोपा होता! "घर सोड म्हणत नाही तुला. घर तुझंही आहे. ती रेघ पूस आणि परत काप. कोणती बाजू तुझ्या वाट्याला येणार ते ठाऊक नाही असं समजून काप. पहिलीतली पोरं कापतात तसं." "आणि तुझी पोरं?" "तीही धर त्यात." त्यानं गुडघा चोळला. मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तो घर मोजतोय असं बाईंना वाटलं. टेप तर टेबलावर पडलेली होती. मग तो कण्हत खाली बसला, फळ्याखालचं डस्टर ओढून घेतलं, आणि रेघ पुसायला लागला. ती सहजी जाईना. नुसती पसरत होती, जमिनीवर पांढरा धुरळा होत होता. बाईंनी पत्र्याच्या डब्यात बोटं घातली. तळापर्यंत बरंच खोल जावं लागलं. तिथून एक अख्खा, न मोडलेला खडू काढून त्यांनी त्याच्या हातात दिला. जिन्यावर पावलं वाजत होती. मुलं आली होती, आणि सगळ्यांच्या पुढे ती चिमुरडी होती, तिची चप्पल नेहमी फटक फटक वाजते. बाईंनी कोपऱ्यातलं वरचं बाक उतरवून खाली ठेवलं. जिभेनं त्या अजून टाळा घासत होत्या. चव काही केल्या जात नव्हती.